ग्रीन गॉब्लिन नेमका कोण? कॉमिक्समध्ये एकाच नावाचे चार-चार व्हिलन का असतात

२००२ च्या ‘स्पायडर-मॅन’ सिनेमात ग्रीन गॉब्लिन होता नॉर्मन ऑस्बॉर्न. २०१४ च्या ‘द अमेझिंग स्पायडर-मॅन २’ मध्ये ग्रीन गॉब्लिन झाला त्याचा पोरगा हॅरी. २०२१ च्या ‘नो वे होम’मध्ये विलेम डॅफो परत आला आणि गॉब्लिन पुन्हा नॉर्मन झाला.

मग कमेंटमध्ये दरवेळी तोच वाद. एक म्हणतो, गॉब्लिन म्हणजे नॉर्मनच. दुसरा म्हणतो, कॉमिक्स वाच, हॅरीसुद्धा होता. तिसरा मध्येच फिल युरिकचं नाव काढतो आणि पहिले दोघं गुगल करायला लागतात.

गंमत म्हणजे तिघंही बरोबर असतात.

अमेरिकन कॉमिक्समध्ये व्हिलनचं टोपणनाव हे एखाद्या गादीसारखं असतं. बसणारा बदलतो, गादी तीच राहते. क्लेफेस, हॉबगॉब्लिन, रेड स्कल, मिस्टेरिओ, कॅप्टन बूमरँग, यातलं एकही नाव एका माणसाचं नाही.

मराठी वाचकांना ही कल्पना तशी जुनीच आहे. इंद्रजाल कॉमिक्समधला वेताळ आठवत असेल. ली फॉक यांनी १९३६ साली आणलेला हा हिरो जंगलातल्या लोकांना अमर वाटतो, पण प्रत्यक्षात बाप गेला की मुलगा तोच मुखवटा चढवतो. गोष्टीतला वेताळ हा एकविसावा.

पण वेताळाचं नाव घराण्यातून, शपथ घेऊन पुढे जातं. व्हिलनचं तसं नसतं. इथे नाव चोरलं जातं, विकत घेतलं जातं, मेलेल्या माणसाच्या माथी मारलं जातं आणि एका केसमध्ये तर चक्क कमिशनवर दिलं जातं.

ग्रीन गॉब्लिन : बापाचं ओझं पोराच्या डोक्यावर

ग्रीन गॉब्लिन पहिल्यांदा दिसला जुलै १९६४ च्या ‘द अमेझिंग स्पायडर-मॅन’ अंक १४ मध्ये. स्टॅन ली आणि स्टीव्ह डिटको यांनी त्याला आणलं, पण मुखवट्याआड कोण आहे ते सांगितलंच नाही. वाचकांना दोन वर्षं थांबावं लागलं. १९६६ च्या अंक ३९ मध्ये कळलं, की हा पीटर पार्करच्या मित्राचा, हॅरीचा बाप नॉर्मन ऑस्बॉर्न आहे.

१९७३ साली अंक १२१ मध्ये नॉर्मनने पीटरच्या प्रेयसीला, ग्वेन स्टेसीला पुलावरून खाली फेकलं आणि ती मेली. पुढच्याच अंकात नॉर्मन स्वतःच्या ग्लायडरने मेला. हिरोची प्रेयसी अशी मरते, हे तेव्हाच्या वाचकांसाठी धक्कादायक होतं.

आता व्हिलन मेला म्हटल्यावर नावही संपायला हवं होतं. पण इतकं गाजलेलं नाव कोण सोडणार?

१९७४ साली हॅरीने बापाचा सूट घातला. बापाच्या मृत्यूला स्पायडर-मॅन जबाबदार आहे असं त्याला वाटत होतं आणि तो स्पायडर-मॅन आपलाच जिगरी दोस्त निघाला, हे कळल्यावर त्याचं डोकंच फिरलं. नॉर्मनचा गॉब्लिन सत्तेसाठी लढत होता. हॅरीचा गॉब्लिन बापासाठी लढत होता. सूट तोच, दुखणं वेगळं. १९९३ साली हॅरीच्या मृत्यूची गोष्ट आली, त्यात मरण्याआधी तो पीटरचा जीव वाचवतो. म्हणूनच आजही कित्येक वाचकांना हॅरी हा व्हिलन म्हणून आठवत नाही, हरवलेला मित्र म्हणून आठवतो.

या दोघांच्या मध्ये तिसरा एक येऊन गेला. १९७८ साली हॅरीवर उपचार करणारा मानसोपचारतज्ज्ञ बार्ट हॅमिल्टन. हॅरीच्या डोक्यातली गुपितं काढून घेऊन हा स्वतःच गॉब्लिन झाला. पाच-सहा अंकांत मेलासुद्धा. आज त्याचं नाव क्विझमध्येच विचारलं जातं.

चौथा फिल युरिक. ‘डेली ब्यूगल’चा पत्रकार बेन युरिक याचा पुतण्या. १९९५ साली त्याला गॉब्लिनचं सामान सापडलं आणि त्याने चक्क हिरो व्हायचं ठरवलं. त्याची स्वतंत्र सीरिज १३ अंक चालली. आणि १९९६ साली नॉर्मन जिवंत असल्याचं उघड झालं, की गादी पुन्हा मूळ मालकाकडे.

हॉबगॉब्लिन : एका नावाचा दहा वर्षं चाललेला घोळ

एकाच नावाचे अनेक व्हिलन या प्रकरणातला सगळ्यात भारी किस्सा हॉबगॉब्लिनचा आहे. कारण इथे भांडण गोष्टीत तर होतंच, पण ती गोष्ट लिहिणाऱ्या ऑफिसातही होतं.

१९८० च्या दशकाच्या सुरुवातीला स्पायडर-मॅन लिहीत होते रॉजर स्टर्न. गॉब्लिनसारखा शत्रू हवा होता, पण नॉर्मनला उठवायचं नव्हतं आणि आणखी एक ग्रीन गॉब्लिनही करायचा नव्हता. म्हणून मार्च १९८३ च्या अंक २३८ मध्ये त्यांनी आणि चित्रकार जॉन रोमिटा ज्युनियर यांनी हॉबगॉब्लिन आणला. एका भुरट्या चोराला नॉर्मनचा गुप्त अड्डा सापडतो, तो ही बातमी एका अनोळखी माणसाला विकतो, आणि तो माणूस चोराला संपवून सगळं सामान ताब्यात घेतो.

हा माणूस कोण, ते मुद्दाम सांगितलं नव्हतं. स्टर्न यांच्या डोक्यात उत्तर पक्कं होतं : फॅशन डिझायनर आणि उद्योजक रॉडरिक किंग्सली.

पण उत्तर सांगायच्या आधीच, १९८४ साली स्टर्न यांनी ती सीरिज सोडली.

मागे राहिलेल्या लेखक आणि संपादकांची मतं वेगवेगळी होती. कुणाला हॉबगॉब्लिन म्हणून एक हवा होता, कुणाला दुसरा. त्यातच १९८७ साली आलेल्या ‘स्पायडर-मॅन व्हर्सेस वुल्व्हरिन’ या विशेष अंकात ‘डेली ब्यूगल’चा पत्रकार नेड लीड्स मारला गेला. नेड हा पीटरचा सहकारी आणि बेटी ब्रँटचा नवरा.

यानंतर त्याच वर्षी अंक २८९ मध्ये पीटर डेव्हिड यांनी लिहिलेल्या गोष्टीत जाहीर झालं, की मेलेला नेड लीड्स हाच हॉबगॉब्लिन होता. म्हणजे चार वर्षं ताणलेल्या रहस्याचं उत्तर असं निघालं, की ज्याच्यावर आरोप आहे तो आधीच मेलाय. ना आमनेसामने भांडण, ना कबुली. नाव लगेच दुसऱ्याने उचललं. जॅक ओ’लँटर्न नावाने फिरणाऱ्या जेसन मॅकेंडेलने हॉबगॉब्लिनचा सूट घातला.

वाचकांना हे पचलं नाही. कारण साधं होतं. हॉबगॉब्लिनच्या अंगात गॉब्लिन फॉर्म्युल्याची ताकद होती, तो स्पायडर-मॅनशी हातघाईवर यायचा. आणि नेडला मारलं होतं साध्या भाडोत्री मारेकऱ्यांनी. असं कसं होईल?

हा प्रश्न दहा वर्षं तसाच पडून राहिला. १९९७ साली रॉजर स्टर्न परत आले आणि त्यांनी ‘हॉबगॉब्लिन लिव्ह्ज’ ही तीन अंकांची मालिका लिहिली. त्यात वाचकांची शंकाच त्यांनी पुरावा म्हणून वापरली. नेडच्या अंगात ताकद नव्हती, कारण तो खरा हॉबगॉब्लिन नव्हताच. किंग्सलीने त्याला संमोहित करून स्वतःच्या जागी उभं केलं होतं. मॅकेंडेल तोंड उघडेल या भीतीने किंग्सली त्याला तुरुंगात जाऊन मारतो आणि शेवटी पकडला जातो.

या गोष्टीत नवऱ्यावरचा डाग पुसण्यासाठी धडपडते ती बेटी. कागदावरच्या एका माणसाला दहा वर्षांनी न्याय मिळाला, आणि लेखकाला त्याची गोष्ट परत मिळाली.

पण किंग्सली तो किंग्सलीच. २०१२ च्या गोष्टीत तो परत येतो तेव्हा फिल युरिक, म्हणजे तोच जुना हिरो गॉब्लिन, आता हॉबगॉब्लिन म्हणून चोऱ्या करत असतो. किंग्सली त्याला मारत नाही. तो त्याला म्हणतो, नाव वापर, पण लुटीतला वाटा दे. पुढे तर त्याने जुन्या-पडीक व्हिलनांची नावं आणि सूट नव्या लोकांना द्यायचा धंदाच उघडला. एखाद्या वडापावच्या ब्रँडची फ्रँचायझी द्यावी तसा.

विनोदी वाटतं, पण कॉमिक्स कंपन्या नावांचं जे करतात तेच इथे व्हिलन करतोय.

क्लेफेस : ज्याची भूमिका दुसऱ्याला दिली, त्याची गोष्ट

बॅटमॅनच्या दुनियेत सगळ्यात जास्त वाटलं गेलेलं नाव म्हणजे क्लेफेस. शब्दशः, मातीचा चेहरा.

पहिला क्लेफेस बेसिल कार्लो. जून १९४० च्या ‘डिटेक्टिव्ह कॉमिक्स’ अंक ४० मध्ये तो आला. त्याच्याकडे कसलीही शक्ती नव्हती. तो भयपटांत काम करणारा जुना नट होता. त्याच्या गाजलेल्या सिनेमाचा रिमेक निघतो आणि त्याची भूमिका दुसऱ्याला दिली जाते. अपमानाने पेटलेला कार्लो त्याच सिनेमातल्या क्लेफेस या खुन्याचा मुखवटा घालतो आणि सेटवरच्या लोकांना मारत सुटतो.

म्हणजे क्लेफेस या नावाचा जन्मच ‘माझी जागा दुसऱ्याला का दिली’ या रागातून झाला. आणि पुढे त्याच्याच नावाच्या बाबतीत नेमकं तेच घडलं.

कार्लो १९४१ मध्ये अजून एकदा दिसला आणि गायब झाला. १९५४ साली अमेरिकेत कॉमिक्स कोड आला. मुलांच्या पुस्तकांत रक्तपात आणि भय नको, असा त्याचा सूर. बॅटमॅनच्या गोष्टीही खुनांकडून एलियन आणि विज्ञानकथांकडे वळल्या. मग डिसेंबर १९६१ मध्ये अंक २९८ मध्ये दुसरा क्लेफेस आला, मॅट हेगन. हा खजिना शोधणारा. एका गुहेतल्या विचित्र द्रवाच्या डबक्यात पडतो आणि त्याला हवं ते रूप घेता येऊ लागतं. शक्ती मात्र काही तासच टिकते, मग पुन्हा त्या डबक्याकडे पळावं लागतं.

आज क्लेफेस म्हटलं की चिखलाचा, आकार बदलणारा जो राक्षस डोळ्यांपुढे येतो, तो इथून सुरू झाला. नाव कार्लोचं, रूप हेगनचं.

तिसरा प्रेस्टन पेन, १९७८ सालचा. लेखक लेन वीन, चित्रकार मार्शल रॉजर्स. पेन शास्त्रज्ञ होता आणि एका आजाराने त्याचा चेहरा विद्रूप झालेला. बरं व्हायच्या आशेने तो हेगनच्या रक्तापासून बनवलेलं औषध स्वतःला टोचून घेतो. परिणाम उलटा होतो. त्याचं स्वतःचं शरीर वितळू लागतं आणि तो ज्याला हात लावेल तो माणूसही वितळतो. कुणालाही स्पर्श करता येत नाही, म्हणून तो एका मेणाच्या पुतळ्यावर प्रेम करतो. तिचं नाव हेलेना. अॅलन मूर यांनी १९८७ च्या बॅटमॅन वार्षिक अंकात या दोघांचा ‘संसार’ लिहिला आहे. क्लेफेसची सगळ्यात करुण गोष्ट म्हणून ती आजही वाचली जाते.

चौथी सोंड्रा फुलर, १९८७ मध्ये आलेली. कोब्रा नावाच्या दहशतवादी संघटनेने तिला रूप बदलायची ताकद दिली. तिला लेडी क्लेफेसही म्हणतात.

दरम्यान १९८५-८६ च्या ‘क्रायसिस ऑन इन्फिनिट अर्थ्स’ या महामालिकेत मॅट हेगन मेला होता. मग १९८९ साली अॅलन ग्रँट आणि नॉर्म ब्रेफोगल यांनी ‘द मड पॅक’ ही गोष्ट केली आणि सगळ्या क्लेफेसना एका जागी आणलं. बोलावणारा होता बेसिल कार्लो. मूळ क्लेफेस, पण सगळ्यांत दुबळा. बाकीच्यांकडे शक्ती, याच्याकडे फक्त नाव. शेवटी तो पेन आणि फुलर यांच्या शरीरातला अंश स्वतःला टोचून घेतो आणि सगळ्यांच्या शक्ती एकवटलेला ‘अल्टिमेट क्लेफेस’ होतो.

जवळपास ५० वर्षांनी त्याने आपली भूमिका परत मिळवली.

याच गोष्टीतून पेन आणि फुलर जवळ येतात, आणि त्यांना पुढे कॅसियस नावाचा मुलगा होतो. ‘क्ले’ म्हणजे माती आणि मुहम्मद अली यांचं जन्मनाव कॅसियस क्ले, असा तो शाब्दिक खेळ.

टीव्हीने तर वेगळीच शक्कल लढवली. १९९२ च्या ‘बॅटमॅन : द अॅनिमेटेड सीरिज’मध्ये क्लेफेसचं नाव मॅट हेगन, पण तो पेशाने नट. म्हणजे कार्लोचं दुःख आणि हेगनची शक्ती एकाच माणसात. बऱ्याच लोकांच्या डोक्यातला क्लेफेस हाच आहे, आणि तो मुळात दोघांची बेरीज आहे.

रेड स्कल : तारखा जुळेनात, म्हणून दुसरा माणूस

कधीकधी नावाचा दुसरा मालक गोष्टीसाठी जन्माला येत नाही. हिशोब जुळवायला जन्माला येतो.

कॅप्टन अमेरिकाचा शत्रू रेड स्कल १९४१ च्या पहिल्याच अंकात आला. तेव्हा मुखवट्याआड निघाला जॉर्ज मॅक्सन नावाचा अमेरिकन उद्योजक. नंतर ठरलं, की मॅक्सन हा प्यादं होता. खरा रेड स्कल जर्मनीत, हिटलरने स्वतः घडवलेला. त्यालाच आज सगळे योहान श्मिट म्हणून ओळखतात.

मग महायुद्ध संपलं. १९५३-५४ च्या सुमारास कॅप्टन अमेरिका परत आला तेव्हा अमेरिकेचे शत्रू होते कम्युनिस्ट. त्यामुळे रेड स्कलही कम्युनिस्टांसाठी काम करताना दिसला. नावात ‘रेड’ होतंच.

पण १९६४ साली ‘अॅव्हेंजर्स’ अंक ४ मध्ये सांगितलं गेलं, की कॅप्टन अमेरिका १९४५ पासून बर्फात गोठलेला होता. आता प्रश्न आला. तो बर्फात होता तर १९५० च्या दशकात लढत होता तो कोण?

मार्व्हलचं उत्तर : तो दुसराच माणूस होता. आणि त्याच्यासमोरचा रेड स्कलही दुसराच होता, अल्बर्ट मलिक. पीटर पार्करच्या आईवडिलांच्या मृत्यूला जबाबदार असलेला रेड स्कल तो हाच मलिक.

जुन्या गोष्टीचा अर्थ नंतर असा बदलण्याला कॉमिक्सच्या भाषेत ‘रेटकॉन’ म्हणतात. एकाच नावाचे निम्मे व्हिलन या रेटकॉनचीच लेकरं आहेत. जुनी गोष्ट फाडून टाकायची नाही, खोटीही ठरवायची नाही, फक्त म्हणायचं की ‘तो मी नव्हेच’.

कॅप्टन बूमरँग : नाव घेतलं आणि जीव गेला

फ्लॅशच्या शत्रूंमध्ये नावं पुढे सरकणं ही रोजचीच गोष्ट आहे. मिरर मास्टर आधी सॅम स्कडर, नंतर इव्हान मॅककलॉक. ट्रिक्स्टर आधी जेम्स जेसी, नंतर अॅक्सेल वॉकर. यात काळजाला लागणारी गोष्ट मात्र कॅप्टन बूमरँगची.

मूळ बूमरँग डिगर हार्कनेस, १९६० सालचा. २००४ च्या ‘आयडेंटिटी क्रायसिस’मध्ये तो रॉबिनच्या वडिलांना, जॅक ड्रेकना मारायला जातो. दोघंही एकमेकांच्या हातून मरतात. डिगरला नुकताच आपला मोठा झालेला मुलगा भेटलेला असतो, ओवेन मर्सर. बाप भेटला आणि लगेच गेला. मागे राहिला त्याचा कोट आणि बूमरँग.

ओवेन ते नाव घेतो. अधूनमधून चांगलं वागायचा प्रयत्नही करतो. पण २०१० च्या ‘ब्लॅकेस्ट नाइट’मध्ये मेलेला डिगर प्रेत होऊन उठतो आणि मुलाला सांगतो, मला माणसं खायला घाल म्हणजे मी जिवंत होईन. बापाच्या ओढीने ओवेन निरपराध लोकांना त्याच्या खड्ड्यात ढकलतो. हे कळल्यावर कॅप्टन कोल्ड ओवेनलाच त्या खड्ड्यात ढकलतो. पोरगा बापाच्याच हातून मरतो.

आणि त्या मालिकेच्या शेवटी डिगर हार्कनेस खरोखर जिवंत होतो. नाव पुन्हा बापाकडे.

कंपनीच्या दृष्टीने हिशोब सोपा होता, जुना आणि ओळखीचा बूमरँग परत हवा होता. त्यासाठी गादीवरचा माणूस उठवावा लागला.

एक बुजगावणं इकडे, एक तिकडे

काही वेळा नाव एकच असतं, पण दोघांचा एकमेकांशी काडीचाही संबंध नसतो. कारण कंपन्याच वेगळ्या.

स्केअरक्रो म्हणजे बुजगावणं. डीसीचा स्केअरक्रो जोनाथन क्रेन १९४१ चा, भीतीचा वायू सोडणारा प्राध्यापक. मार्व्हलचा स्केअरक्रो एबेनेझर लॉटन १९६४ चा, सर्कशीतला हातपाय वाकवणारा कसरतपटू. एन्चँट्रेसही दोन. मार्व्हलची अमोरा १९६४ ची, असगार्डची जादूगारीण. डीसीची जून मून १९६६ ची, जी ‘सुइसाइड स्क्वॉड’ सिनेमात दिसली.

रोजच्या वापरातला शब्द असेल तर एकाच कंपनीला पात्रासाठी त्यावर पूर्ण हक्क सांगणं अवघड जातं. पण तोच शब्द मासिकाच्या कव्हरवर किंवा खेळण्याच्या खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापायचा म्हटलं, की वकील जागे होतात.

कंपन्या असं का करतात?

पहिलं कारण, पैसा. ग्रीन गॉब्लिन हे नाव लोकांच्या तोंडी बसायला वर्षं गेलीत. नवं नाव रुजवण्यापेक्षा जुन्या नावात नवा माणूस घालणं स्वस्त पडतं.

दुसरं कारण, कायदा. अमेरिकेत ट्रेडमार्क हा वापरावर टिकतो. सलग तीन वर्षं वापर झाला नाही, तर हक्क सोडून दिला असं धरलं जाऊ शकतं. कॅप्टन मार्व्हल हे हिरोचं नाव याचं प्रसिद्ध उदाहरण. मूळ कॅप्टन मार्व्हलचं प्रकाशन थांबलं, मार्व्हलने १९६७ साली त्या नावाचा स्वतःचा हिरो आणला आणि १९७३ साली डीसीने जुन्या हिरोला परत आणलं तेव्हा कव्हरवर ‘शझॅम’ छापावं लागलं. त्यामुळे कामाची नावं वापरात ठेवण्याकडे कंपन्यांचा कल असतो.

तिसरं कारण, लेखकांची अदलाबदल. स्पायडर-मॅन किंवा बॅटमॅन हे अनेक दशकं, शेकडो हातांनी लिहिलं गेलंय. प्रत्येक नव्या लेखकाला जुना व्हिलन हवा असतो, पण आपल्या पद्धतीचा.

आणि या सगळ्याच्या मुळाशी चौथी गोष्ट आहे, ती म्हणजे मालकी. त्या काळात लेखक आणि चित्रकार जे पात्र तयार करायचे, ते कंपनीचं व्हायचं. रॉजर स्टर्न सीरिज सोडून गेले तेव्हा हॉबगॉब्लिन त्यांच्यासोबत गेला नाही. त्याचं नाव, चेहरा आणि रहस्याचं उत्तर, सगळं ऑफिसात राहिलं.

क्लेफेसचं उदाहरण तर त्याहून बोचणारं आहे. १९४० चा कार्लो आणि १९६१ चा हेगन, दोन्ही गोष्टी लिहिल्या होत्या बिल फिंगर यांनी. बॅटमॅन घडवण्यातही त्यांचा मोठा वाटा. पण बॅटमॅनचा निर्माता म्हणून अनेक दशकं फक्त बॉब केन यांचं नाव छापलं जायचं. फिंगर १९७४ साली वारले. डीसीने त्यांना बॅटमॅनचं अधिकृत श्रेय द्यायचं जाहीर केलं ते २०१५ साली.

स्वतःची भूमिका दुसऱ्याच्या नावावर गेली म्हणून पेटून उठलेला नट ज्या माणसाने लिहिला, त्याचं स्वतःचं नाव मरेपर्यंत कव्हरवर आलं नाही.

झटपट यादी

ग्रीन गॉब्लिन : नॉर्मन ऑस्बॉर्न, हॅरी ऑस्बॉर्न, बार्ट हॅमिल्टन, फिल युरिक.

हॉबगॉब्लिन : रॉडरिक किंग्सली, नेड लीड्स, जेसन मॅकेंडेल, फिल युरिक.

क्लेफेस : बेसिल कार्लो, मॅट हेगन, प्रेस्टन पेन, सोंड्रा फुलर, कॅसियस.

रेड स्कल : योहान श्मिट, जॉर्ज मॅक्सन, अल्बर्ट मलिक.

मिस्टेरिओ : क्वेंटिन बेक, डॅनियल बर्कहार्ट, फ्रान्सिस क्लम.

बॅरन झीमो : बाप हाइनरिक, मुलगा हेल्मुट. सिनेमात दिसलेला तो हेल्मुट.

व्हेनम : एडी ब्रॉक, मॅक गार्गन, फ्लॅश थॉम्पसन. इथे नाव माणसाचं कमी आणि अंगाला चिकटणाऱ्या त्या परग्रहावरच्या जीवाचं जास्त.

मग खरा कोण?

जो पहिला तो खरा, असा नियम लावला तर क्लेफेसला शक्तीच उरत नाही आणि रेड स्कल अमेरिकन उद्योजक ठरतो. जो सगळ्यात ताकदवान तो खरा म्हटलं, तर हॅरी कधीच गॉब्लिन ठरणार नाही.

वाचकांनी मात्र न सांगता एक नियम पाळलेला दिसतो. ज्याने नावासोबत स्वतःचं काहीतरी आणलं, तो लक्षात राहिला. हॅरीने बापाचं दुःख आणलं, पेनने एकटेपण आणलं, ओवेनने बापाची ओढ आणली. बार्ट हॅमिल्टनने फक्त सूट घातला, म्हणून तो यादीत उरला.

त्यामुळे पुढच्या वेळी ट्रेलरखाली कुणी ‘हा खरा गॉब्लिन नाही’ असं लिहिलं, तर एवढंच विचारा : कोणत्या सालचा?